फक्त डाव्या बाजूला

नाही नाही, दोन्हीकडे नको—एकाच बाजूला, डाव्या. अहो, तुम्ही दोन्ही फुटबोर्ड काढून आणलेत, तो एक परत ठेवा जागेवर. जोडीनं येतात ते कळतं हो मला, मोजेही जोडीनंच येतात, पण म्हणून—असू द्या. पैसे जोडीचे घ्या हवे तर, लावायचा मात्र एकच, आणि चांगला जड लावा. मघाशी तो पाइपाचा दाखवलात ना, चकचकीत, तो नको—तुम्ही आत गेला होतात तेव्हा मी बोटानं वाजवून बघितला, भांडं घेताना वाजवतो तसा, तर आतून पोकळ. दिसायला देखणा आणि कामाला शून्य. मला लोखंड हवंय. गाडी एका बाजूनं वेगळी दिसेल? दिसू दे की. तिचं काय आता लग्न जमवायचंय.

माझ्यासाठी आहे तो फुटबोर्ड, म्हणून डावीकडे. मी डावीकडे बसते, ह्यांच्या शेजारी. म्हणजे बसायची. गुडघा गेलाय माझा, हा बघा, आणि गाडी ही अशी उंच—पाय वर टाकला की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. ह्यांच्या बाजूला कशाला पायरी, हे अजून टुणकन उडी मारून बसतात. स्टूल? आपला धंदा सोडून तुम्ही स्टूल सुचवताय म्हणजे माणूस सरळ आहात. पण स्टूलावर पाय देऊन मी वर बसले की खाली राहिलेलं स्टूल उचलायला कोण उतरणार, पुन्हा मीच ना? मग चढाउतरायचा नुसता खेळ. नाही, लोखंडच लावा, आणि लांब लावा—पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत. हो, चढायला एवढा लांब लागत नाही, मान्य. एका पायापुरता पुरतो, तेही मान्य. पण लावा.

आणि ही बादली कुणी ठेवली हो दारात, वाटेतच? तुम्हीच? थांबा, उठू नका, मी सरकवते—काही नाही, साबणाचं पाणी आहे, जड नाही. सवयच लागलीय मला, वाटेतलं दिसलं की उचलायचं. घरातही सगळ्या खुर्च्या भिंतीला लावून टाकल्यात, लेक म्हणते आई, हे घर आहे की दवाखान्यातली बसायची खोली, नंबर कितवा चाललाय? म्हणू दे. हे आता येतीलच ना, मुंगीला घेऊन. मुंगी म्हणजे आमची नात, लेकीची मुलगी. शाळा तुमच्या मागच्याच गल्लीत, म्हणून मीच म्हटलं, मी रिक्षानं येते, गाडी इथं सोडू, तुम्ही पायी जाऊन तिला घेऊन या, तोवर काम होईल. पायी गेले की मला बरं वाटतं. म्हणजे त्यांच्या तब्येतीला बरं.

तुम्ही ओळखता त्यांना? मास्तरांना कोण ओळखत नाही, नाही का. अरे वा, तुम्हीही त्यांच्याच हाताखाली शिकलात गाडी? मग तुम्हालाही बोलायला लावलं असेल. हसताय म्हणजे लावलं. काय ती तऱ्हा—स्टिअरिंग हातात आलं की तोंड सुरू झालं पाहिजे, जे दिसेल ते मोठ्यानं म्हणायचं, डावीकडे सायकल, उजवीकडे बस थांबलीय, पुढे कुत्रं, डावीकडच्या गल्लीतून कुणी येत नाही. जो गप्प बसला तो झोपला, असं म्हणायचे ना? माणसं घामाघूम होऊन यायची आमच्या ओट्यावर, मी पाणी द्यायची. एक बाई तर म्हणाली, डावीकडे माझी सासू, आणि गाडी तिनं सरळ उजवीकडे वळवली. हे कधी रागावले नाहीत तिच्यावर. म्हणाले, बघितलं आणि बोलली, पास. हे स्वतःही तसेच, बरं का—शिकवणी नसली तरी, घरच्या गाडीतसुद्धा, दोघंच असलो तरी, पुटपुटत असायचे. लग्न झालं तेव्हा मला वाटलं, जप करतात की काय.

चालू द्या तुमचं, मी आपली बोलत बसते. एक विचारू का? समजा हं, आपलं नुसतं समजा—बाजूनं कुणी येऊन धडकलं, तर हा फुटबोर्ड अडवतो ना? म्हणजे लोखंड आहे, बाहेर आलेलं आहे, आधी तोच लागणार. आधी तो चेपेल, मग दार. बरोबर ना? आमच्या शेजारचे म्हणत होते, त्यांच्या मेव्हण्याच्या गाडीला होता म्हणून वाचला, असं त्यांनी ऐकलंय. ऐकलंय म्हणजे शेजारच्यांनी मेव्हण्याकडून, मेव्हण्यानं कुणाकडून देव जाणे. तुम्ही मान हलवताय ती हो अशी की नाही अशी? तोंडात नट धरलेत, ते काढा आणि नीट सांगा.

असं. म्हणजे चेसीला, गाडीच्या सांगाड्याला, खालून बोल्टांनी टांगलेला असतो नुसता. माणसाचं वजन पेलेल, गाडीचं नाही. आणि येणाऱ्या गाडीचं नाक लागतं कुठे?—दाखवा बरं हातानं. इथं? एवढ्यावर? दाराच्या मध्यावर? म्हणजे फुटबोर्ड राहिला खाली आणि धक्का बसला वर. अगदी माझ्या—इथं बसलेल्या माणसाच्या कमरेपाशी. आणि लहान मूल असलं तर खांद्यापाशी. बरं. आणि बुटकी गाडी आली तर? तर थोडंफार लागेल त्याला, जोर कमी असला तर, आणि बोल्ट टिकले तर. तर, तर, तर. आता येणाऱ्याला आपण सांगायचं का, बाबा रे, बुटकी गाडी घेऊन ये आणि हळू ये?

मग फायदा काय ह्याचा? चढायला. आणि बाजारात कुणी आपलं दार उघडून आपल्या दाराला मारलं तर ओरखडा पडत नाही. बास? एवढंच? दारात आत एक दांडा असतो म्हणताय, कंपनीनंच घातलेला—बरं, तो असतो. जुन्या गाडीत असतो का? ह्या गाडीत? माहीत नाही. माहीत नाही म्हणालात ते बरं केलंत, खोटं बोलला असतात तर मी विश्वास ठेवला असता. मी विश्वास ठेवायलाच आले होते हो. घरून निघताना मला अगदी खात्री होती. रात्रंदिवस तेच डोक्यात, लोखंड लावून घेऊ, डावीकडे लोखंड लावून घेऊ, की झालं.

हो, ओरखडे आहेत ना. ते तुम्ही मघापासून बघताय, मी बघतेय तुम्हाला बघताना. फाटकाला लागलं. आमचं फाटक अरुंद आहे. हा पोचा? हा—हा फाटकाचा नाही, हा बाजारात कुणीतरी केला असेल, माणसं हल्ली बघून चालवतात कुठे. आणि आरसा कचऱ्याच्या पेटीला घासला, पेटीच मेली पुढे आणून ठेवलेली, मग मी चिकटपट्टी लावली. सगळं डावीकडेच, हो. उजवी बाजू नव्यासारखी, खरंय. फाटक डावीकडेच आहे आमचं. म्हणजे फाटकाला दोन्ही बाजू असतात म्हणा, पण—तुम्ही काम करा ना. असे बघत नका बसू.

पित्त झालं होतं त्यांना. तिथून सुरू झालं सगळं, मी तुम्हाला म्हणून सांगते, कुठे बोलू नका. एका सकाळी तोंड धुताना बेसिनपाशी गडबडले, ब्रश हातातून गळला, शब्द जरा बोबडे आले. मी धावत गेले तर हसले, म्हणाले पित्त झालं असेल. दुपारपर्यंत ठणठणीत. मग मीही पित्तच धरून चालले, पित्त काय सगळ्यांनाच होतं. पण त्यानंतर चहाचा कप डाव्या हाताला ठेवला की तसाच राहतो. गार होतो. आणि हे विचारतात, आज चहा नाही का केलास? पेपर वाचतात तर ओळ मधूनच सुरू करतात आणि म्हणतात, हल्ली काहीही छापतात, अर्थच लागत नाही. चौकटीला खांदा घासतो, डावा. सदऱ्याला तिथं विरलंय. मी उजवीकडे ठेवते आता कप. खुर्च्या भिंतीला लावल्या. काही बोलले नाही. काय बोलणार? माणूस डोळे उघडे ठेवून समोर बसलाय, आपल्याकडे बघून हसतोय, आणि त्याला अर्धी खोली दिसत नाहीये—हे तोंडानं कसं म्हणायचं?

आणि मग ती हातगाडी. मी शेजारी बसलेले, गल्लीतून केळीवाला ढकलत ढकलत निघाला, सरळ आमच्यापुढे, भर उजेडात, आंधळ्यालाही दिसावा असा. हे थांबेनात. पाय ब्रेककडे जाईना. मला वाटलं आता थांबतील, आता थांबतील, मास्तर आहेत, ह्यांना काय सांगायचं—आणि मी तोंडातून काय बोलले असेन? मी म्हटलं, अगंबाई, केळी काय छान पिकलीत. केळी म्हणाले हो मी. ब्रेक असा लागला की माझं डोकं पुढे आपटलं. केळीवाला चाकापासून एवढ्याशा अंतरावर.  ह्यांचे ओठ पांढरे पडले होते. मग म्हणाले, घ्यायची का केळी? आणि घेतली आम्ही. घरी नेऊन खाल्ली.

तेव्हापासून मी बोलते. गाडीत बसले की उतरेपर्यंत. डावीकडे सायकल आहे असं नाही हं, तसं म्हटलं तर—तसं नाही म्हणायचं. पोराचा शर्ट बघा कसा भडक आहे, असं म्हणायचं. ती बस किती धुळीनं माखलीय. त्या बाईंनी पर्स नवीन घेतलेली दिसतेय. त्यांना कळतं, हळू करतात. आणि डावीकडे काहीच नसलं, रस्ता मोकळा असला, की मी म्हणते, ऊन वाढलंय बाई. मग गाडी वळते. पाऊस पडत असला तरी ऊनच म्हणते, सवयीनं. एकदा लेक मागे बसलेली, म्हणाली, आई, जरा तोंडाला विश्रांती दे, बाबांचं लक्ष उडेल. मी हसले. काय सांगू तिला? माझं तोंडच लक्ष आहे गं.

ह्यांनी कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. मला वाटायचं, त्यांना कळतच नसेल. ज्या बाजूचं दिसत नाही ती बाजू आहे हेच विसरायला होत असेल. कळलं असतं तर हा माणूस गाडीत बसलाच नसता—ज्यानं जन्मभर लोकांच्या माना वळवल्या, बघा, बाजूला बघा, मेलात तरी चालेल पण दुसऱ्याला मारू नका, असं ज्यानं शिकवलं, तो कळून बसेल का? मी स्वतःशी हेच म्हणायची, त्यांना माहीत नाही, मला माहीत आहे, मी आहे ना डावीकडे. पुरे झालं.

डॉक्टर? काढला होता विषय. डोळे तपासू या म्हटलं, माझेही तपासायचेत. म्हणाले, तुझे तपास. आणि जावयानं एकदा सहज म्हटलं, बाबा, आता ड्रायव्हर ठेवू या ना, तुम्ही आरामात मागे बसा. तर हे ताटावरून उठले. रागावून नाही, नुसते उठले आणि गाडीत जाऊन बसले, बंद गाडीत, अंधार पडेपर्यंत. काचेवर टकटक करून मी विचारलं, येताय का, तर म्हणाले, मी मागे बसायला शिकलोच नाही गं. तुम्हीच सांगा, ह्या माणसाकडून गाडी काढून घेतली तर उरतं किती? मी काढून घ्यायची? मी, जिला त्यांनी गाडी शिकवायचा इतका प्रयत्न केला आणि मी नाही म्हटलं, म्हटलं तुम्ही आहात ना?

मग गुडघा गेला. गेला म्हणजे गेलाच, चढता येईना. आणि मुंगीला शाळेत सोडायचं कोणी? लेक नि जावई पहाटेच कामाला जातात, हेच सोडतात तिला, पहिल्यापासून. मी शेजारी असायची तेव्हा. आता दोघंच जातात. तुम्हाला सांगते, सकाळी फाटकातून ती गाडी बाहेर पडली की माझा जीव असा टांगणीला लागतो—मी खिडकीत उभी राहते, गुडघा ठणकतो तरी उभी राहते, बसले तर काहीतरी होईल असं वाटतं. रस्त्यावर कुठे ब्रेक करकचला की माझ्या हातातलं भांडं पडतं. परत आल्याचा हॉर्न ऐकला की मग खिडकीतून हलते. आणि रोज मनाशी ठरवते, आज सांगते लेकीला. आणि रोज संध्याकाळी ती दमून येते, मुंगी धावत जाऊन तिला बिलगते, हे हसत असतात, आणि मी म्हणते, उद्या. काय तो उद्या. म्हणून म्हटलं पायरी लावू, मला चढता येईल, मी पुन्हा बसेन डावीकडे. आणि नाही चढता आलं तर निदान लोखंड असेल. मुंगीच्या बाजूला.

पुढेच बसते ती. पूर्वी मागे बसायची, पट्टा लावून, हेच तसा दंडक घालायचे, लहान मूल पुढे नको. हल्ली पुढे बसवतात. मी विचारलं तर म्हणाले, मोठी झाली आता. मोठी कसली, पाय खाली टेकत नाहीत. नाही, मोठी नाही—पण हुशार आहे हं. आणि गंमत म्हणजे तिला मुंगी का म्हणतो आम्ही, तर बोलायचीच नाही. भिंतीच्या कडेकडेनं गुपचूप चालायची, शाळेतून चिठ्ठी आलेली, मुलगी तोंड उघडत नाही. आणि आता? गाडीत म्हणे अखंड बडबडते. घरी येते तेव्हा घसा बसलेला असतो, मी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावते. लेक तर इतकी खूश—बाबांनी जादू केली म्हणते. माझ्यावर गेली शेवटी, असं मी सगळ्यांना सांगत सुटलेय.

खेळ आहे तो त्यांचा. बोलती गाडी. तुम्हाला शिकवायचे तेच, पण लहान मुलांचं करून. जे दिसेल ते आधी सांगायचं, चुकलं नाही तर उतरताना गोळी मिळते. पण तिच्यावर फक्त एकच बाजू हं, लहान आहे म्हणून. तिनंच मला सांगितलं, कशी ऐटीत—आजी, मी डावी बाजू, आजोबा उजवी बाजू. मी म्हटलं, बघा, वाटणीही करून दिली, भांडण नको म्हणून, किती—

काय म्हणालात?

तुम्हाला दोन्ही बाजू बोलायला लागायच्या. एकट्याला. हो. सगळ्यांनाच लागायच्या. वाटणी कधीच नव्हती. एका बाजूचा ड्रायव्हर नसतो, असं म्हणायचे ना ते? हो, म्हणायचे. ओट्यावर बसून म्हणायचे, मी पाणी घेऊन यायची तेव्हा.

थांबा. थांबा जरा, मला बसू द्या. तो पाना बाजूला घ्या, बसू द्या मला इथंच पायरीवर—लावलीत तेवढीवर बसते, पेलेल ना? माणसाचं पेलते म्हणालात.

म्हणजे त्यांना माहीत आहे. आधीपासून माहीत आहे. मी चढेनाशी झाले तेव्हा त्यांनी विचार केला असेल, आता डावीकडे कोण. आणि पोरीला पुढे आणून बसवलं. गोळी देऊन. आणि ती बोलतेय, माझी मुंगी, जी शाळेत तोंड उघडत नाही, ती घसा बसेपर्यंत बोलतेय—ती काय खेळ म्हणून? मुलांना कळतं हो. खेळाला एवढा घसा बसत नाही. एखाद दिवशी तिनं खिडकीतून फुलपाखरू बघितलं तर? शिंक आली तर? पेंगली तर? आणि मी मेली इथं लोखंड वाजवून बघत बसलेय, जाड की पातळ, लांब की आखूड.

आवाज आला का तुम्हाला? तुमच्या फाटकाच्या पलीकडून. तिचाच. ऐका. ऐका ना, हात थांबवा. "डावीकडे खांब. डावीकडे एक काका, सामान घेऊन. डावीकडे खड्डा, आजोबा, छोटा आहे." पायी चालतानाही. पायी चालतानाही ती बोलतेय हो.

किल्ली तुमच्याकडे आहे ना? खिशात घाला. वरच्या नाही, आतल्या. मी मागितली तरी देऊ नका—मी मागेन, मला माझं माहीत आहे, ते हसले की मी म्हणेन द्या हो त्यांना, पायरी छान झाली. देऊ नका. सांगा बोल्ट मिळाले नाहीत, सांगा काहीही. आणि ती बादली. मी मघाशी सरकवली ना, ती होती तिथं ठेवा परत. दारातच, आत येताना त्यांच्या डाव्या हाताला येईल अशी. कोमटच आहे पाणी, पाय तेवढा भिजेल. त्यांची फजिती करायची नाहीये हो मला, आणि तुमच्यासमोर तर नाहीच, तुम्ही त्यांचे विद्यार्थी. पण लेकीला मी एकटीनं सांगितलं तर ती त्यांनाच विचारेल आणि ते म्हणतील पित्त. आईला वहम आहे म्हणतील. मला कुणीतरी दुसरं हवंय, माझ्याखेरीज, ज्यानं बघितलंय. तुम्ही फक्त बघा.  मला पळून जावंसं वाटतंय आणि गुडघा उठू देत नाहीये.

या, या. मिळाली का लवकर? हो, होतच आलंय, एक बाजू लावली त्यांनी. मुंगे, तू ये बघू इकडे, पुढे ये. आजोबांचा हात सोड. सोड गं, येतील ते, त्यांना काय वाट माहीत नाही? ये. अशी माझ्याजवळ ये, माझ्या मांडीला टेक. नाही, त्यांना काही सांगायचं नाही. दिसली ना तुला? मलाही दिसतेय. तरी नाही सांगायचं. आता आपण दोघी बोलायचं नाही. शू.